ऊस पाहून विमान घ्यावं

सांगलीकराला विमानाची ओढ नाही असं कोण म्हणेल? कवलापूरला विमानतळाची जागा आहे, विमानतळाच्या बातम्या आहेत, निवडणुकीगणिक विमानतळाची आश्वासनं आहेत. विमान तेवढं यायचं राहिलंय. ते तुम्ही आता रिमोटवर चालणारं, मीटरभर पंखांचं, कोलांट्या मारणारं असं थेट घरीच आणायचं ठरवलंत, हे झकास केलंत. कुणीतरी सुरुवात करायलाच हवी होती.

विमान आपल्या उडवण्याच्या शैलीला साजेसं घ्यावं, असं जाणकार सांगतात. तुम्ही अजून एकही विमान उडवलेलं नाही, ही काही अडचण नव्हे. शैली मैदानात ठरत नसते. ती रात्री साडेअकराला, अंथरुणात, मोबाईल छातीवर धरून ठरते. त्या व्हिडिओतला परदेशी पोरगा विमान नाक वर करून हवेत उभं टांगतो, त्याच्या शेपटीनं गवत झाडतो आणि शेवटी ते अलगद तळहातावर झेलतो. पोरगा १४ वर्षांचा, तुम्ही ४४ चे. म्हणजे अनुभवात तुम्ही त्याच्या तिप्पट.

या प्रकाराला थ्रीडी म्हणतात आणि तुमची शैली हीच, यात शंका नको. यासाठी मोटरची ओढ विमानाच्या वजनापेक्षा जास्त लागते, दीडपट असेल तर उत्तम. पंखांवरचे एलेरॉन, शेपटीवरचे एलिव्हेटर आणि रडर या हलणाऱ्या फळ्या कपाटाच्या दारांसारख्या मोठ्या असतात आणि ४०-४५ अंशांपर्यंत वळतात. पंखांनी हवा सोडली तरी प्रॉपेलरचा झोत या फळ्यांवर येत राहतो, म्हणून विमान उभ्या उभ्याही ऐकतं. दुसरी शैली प्रिसिजनची. तिच्यात फळ्या १०-१५ अंश हलतात, सरळ रेघ सरळ काढायची, लूप बांगडीसारखा गोल काढायचा. बघणाऱ्याला त्यात काही कळत नाही, त्यामुळे टाळ्या पडत नाहीत. आपल्याला काय करायचीय ती?

‘आधी ट्रेनर घ्या’ असं कुणी सुचवलं, तर त्याच्याशी बोलणं कमी करा. ट्रेनरचे पंख पाठीवर असतात आणि टोकांना किंचित वर उचललेले असतात, त्यामुळे रिमोटच्या काड्या सोडल्या की ते आपोआप सरळ होतं. असल्या समजूतदार विमानात कसली आलीय मर्दुमकी? कसरतीच्या विमानाचा पंख वरून-खालून सारखाच फुगीर असतो. ते उलटं केलं तर उलटंच राहतं, भावकीतल्या माणसासारखं. समजावायला कुणी जवळ असावं लागतं, आणि तुम्ही तर दीडशे फूट लांब उभे असता.

आता थोडं खासगीतलं. माझी आजवर चार विमानं गेली, त्या भांडवलावर सांगतो. उडणं सगळ्यांचं सारखंच असतं, निदान पहिली चाळीस सेकंदं. माणसामाणसांत फरक असतो तो पडण्यात. विमान निवडायचं ते त्या शैलीला साजेसं.

बहुतेक जण गोंधळून पडतात. विमान तुमच्यापासून लांब जातंय तोवर त्याचा उजवा तो तुमचा उजवा. ते वळून तुमच्याकडे यायला लागलं, की सगळं न्हाव्याच्या आरशातल्यासारखं होतं. ते डावीकडे कलतं, तुम्ही त्याला सावरता, ते आणखी कलतं, तुम्ही आणखी जोरात सावरता. यावर एक जुनी युक्ती आहे: जो पंख खाली गेलाय त्या बाजूला काडी न्यायची, खालून टेकू दिल्यासारखी. ही युक्ती अंगात भिनायला दोन महिने लागतात. विमान जमिनीत भिनायला पाऊण सेकंद पुरतो.

अशा माणसानं ईपीपी नावाच्या फोमचं चपटं विमान घ्यावं. मोटारीच्या बंपरच्या आत असतो, तो हाच फोम. नाकावर आपटलं तर वाकतं, उड्या मारतं आणि पुन्हा तुमच्याकडे बघत पडतं. फार तर प्रॉपेलर जातो. वजन इतकं कमी, की दुपारी वारा सुटला की विमान आणि वावडी यातला फरक फक्त दोऱ्याचा उरतो. म्हणून उडवायचं ते सकाळी सातच्या आत, म्हणजे तुम्ही झोपलेले असता तेव्हा.

ज्यांना विमान पडण्याआधी देखणं दिसायला हवं, त्यांच्यासाठी ईपीओ फोमचं, साच्यातून काढलेलं एक्स्ट्रा ३००. कसरतीच्या खऱ्या एक्स्ट्रा विमानासारखंच, स्टिकरसकट. ते शेपटीच्या मुळाशी तुटतं. चिकटवता येतं, पुन्हा तुटतं, पुन्हा चिकटवता येतं. तिसऱ्यांदा शेपूट चिकटवून झाली, की डिंकाच्या वजनानं तोल मागे सरकतो. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शादरम्यान असावा लागतो. नाक जड झालं तर विमान वाईट उडतं, शेपूट जड झाली तर एकदाच उडतं, ही या छंदातली जुनी म्हण तुम्ही त्या दिवशी स्वतः सिद्ध करता. डेप्रॉन नावाच्या फोमच्या नादी लागू नका. टपरीवरचा झटपट गोंद त्याला चिकटवत नाही, खातो. आणि बाल्सा लाकडाचं विमान घ्यायचं मनात असेल, तर आधी मन घट्ट करा. बाल्सा पडला की दुरुस्ती नसते, सावडणं असतं.

कर्टिस पिट्स या अमेरिकी विमानकारानं १९४०च्या दशकात केलेल्या दोन मजली पंखांच्या विमानाची छोटी प्रतिकृती मी एकदा घरी आणली होती. खोका उघडल्यावर घरातून एकच प्रश्न आला: “दुसरी जोडी स्पेअर म्हणून दिलीय का?” मी हो म्हणालो. किमतीचा विषय निघण्यापेक्षा ते बरं.

तो विषय निघालाच, तर प्योत्र नेस्तेरोव या रशियन वैमानिकाची गोष्ट सांगा. १९१३ मध्ये कीव्हला त्यानं जगातला पहिला लूप मारला, तर सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्याला कैद झाली. पुढे सुटला, बढतीही मिळाली. तुमच्या घरी बढतीची सोय नाही, हे मात्र गोष्ट सांगताना गाळा.

रिमोटमध्ये एक्सपो नावाची सोय असते. तिनं काडीचा मधला भाग मवाळ होतो, बोट थरथरलं तरी विमान थरथरत नाही. थ्रीडीवाले तो भरपूर ठेवतात, म्हणजे ते भित्रे. तुम्ही शून्यावर ठेवा. विमान आपोआप सावरणारा जायरो मात्र लावा. वाऱ्याचे धक्के आणि तुमच्या चुका तो बोभाटा न करता पोटात घालतो आणि तुम्हाला वाटू लागतं की आपल्याला उडवता येतं. हा समज टिकवायचा असेल तर जायरो कधीही बंद करून बघू नका. बॅटरी तीन सेलची, ११.१ व्होल्टची. दर सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा आणि उडवायचं नसेल तर ३.८ वर आणून ठेवायचा, असं लिहिलेलं असतं. तुम्ही ती पूर्ण भरून गणपती ते दिवाळी कपाटात ठेवाल, आणि ती पुरीसारखी फुगेल. तशी फुगलेली बॅटरी मात्र थट्टेवारी न्यायची नाही. ती पेटते.

आता मुख्य मुद्दा, जो एकाही परदेशी व्हिडिओत येत नाही: ऊस. आपल्याकडे विमान उडवा कुठंही, ते उतरतं उसात. म्हणून विमानाआधी ऊस निवडावा. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या सुरूच्या उसात पडलं, तर वर्षभरात विमान हाताशी येण्याची आशा असते. जुलैत लावलेल्या आडसालीत ऐन पावसाळ्यात पडलं, तर या गाळपाला विसरा, पुढच्या गाळपाला बघू. तासगावकडची द्राक्षबाग मात्र बरी. तिथं विमान लगेच सापडतं. मालकही लगेच सापडतो.

रंग हिरवा घेऊ नका. दुकानात तो फार गोड दिसतो, नंतर दिसतच नाही. वरून एक आणि खालून वेगळा भडक रंग असला म्हणजे विमान सुलटं आहे की उलटं हे कळतं, आणि पाचटात पडलं तरी चमकतं. पडल्यावर थ्रॉटल, म्हणजे मोटरची काडी, पूर्ण खाली आणून रिमोट चालू ठेवावा आणि रडर हलवत उसाच्या कडेनं चालावं. फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींची, म्हणजे सर्व्होंची, कुरकुर ऐकू येते. उसाच्या पानांचीही तशीच येते. २०२१च्या ड्रोन नियमांत छंदाची विमानं नजरेच्या टप्प्यात उडवण्याची अट आहे. उसात शिरलेलं विमान नजरेच्या टप्प्यात नसतं, पण उडतही नसतं, त्यामुळे तुम्ही कायद्याच्या चौकटीतच राहता.

गेल्या डिसेंबरात माझ्या मैदानाशेजारच्या फडाला कोयता लागला, तसा मी पहाटेच बांधावर जाऊन उभा राहिलो. फडाचे मालक मला आता लांबूनच ओळखतात.

“या पावणं. इमानासाठी आलायसा न्हवं?”

“होय मामा. केशरी रंगाचं. गणपतीत पडलेलं.”

मामांनी ट्रॉलीमागून एक विमान काढून माझ्या हातात दिलं. एका पंखाला उंदरांनी कुरतडलेलं, मोटरीत मुंग्यांनी घर केलेलं. रंग पांढरा होता की पिवळा, सांगता येईना.

“मामा, हे नव्हं.”

“ठावं हाय की. ह्ये गेल्या सालचं. औंदाचं अजून घावलं न्हाई.”