मूल दुरुस्तीला देण्यापूर्वी

तुमचं मूल रोज शाळेच्या वेळेला पोट धरून बसतं. सुट्टीच्या दिवशी तेच पोट ठणठणीत. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडलं नाही, आणि शेवटी चाचरत म्हणाले, "एकदा मुलांच्या थेरपिस्टना दाखवून बघा." घाबरू नका. नीट काळजी घेतलीत तर मुलावर काडीचाही परिणाम होऊ न देता ही थेरपी पार पाडता येते. पुष्कळ घरांनी ती पाडलेली आहे.

आधी तर शक्य तितकं लांबवा. 'वयच आहे, होईल शहाणं' हे वाक्य तोंडी ठेवा. अमेरिकेत एक मोठं सर्वेक्षण झालं होतं, २००५ साली प्रसिद्ध झालं. ज्यांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होतो त्यांच्यापैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंतच झालेली असते, असं त्यातून दिसलं. म्हणजे थोडी आणखी कळ काढलीत की हा प्रश्न लहान मुलाचा राहणारच नाही. मोठ्या माणसाचा होईल, आणि मोठ्या माणसानं आपलं आपण बघावं.

तोवर घरगुती उपाय चालू ठेवा. 'रडण्यासारखं काय झालंय?' हा सर्वांत जुना, आणि त्याला उत्तराची अपेक्षा नसल्यामुळे वेळही जात नाही. दुसरा म्हणजे 'त्याचा विचारच करू नकोस.' डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगून बसवलं होतं. अस्वल त्यांच्या डोक्यातून हलेना, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर ते जास्तच येऊ लागलं. पण ती मोठी माणसं होती. तुमच्या सात वर्षांच्या मुलीला नक्की जमेल.

भीतीच्या बाबतीत मात्र थोडं तपशिलात जावं लागेल, कारण इथे बिघडवण्याच्या दोन उत्तम पद्धती आहेत आणि दोन्ही प्रेमापोटीच वापरल्या जातात. एक, ज्याची भीती वाटते त्यात मुलाला सरळ ढकलून द्यायचं. कुत्र्याला घाबरतो? कुत्र्यासमोर उभा करा, मागून दार लावून घ्या. दोन, याच्या अगदी उलट: कुत्रा दिसला की रस्ता बदला, मग गल्ली बदला, मग बाहेर जाणंच बंद करा. ही दुसरी पद्धत जास्त टिकाऊ. प्रत्येक वेळी टाळलं की मुलाला त्या क्षणी हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच त्याला शिकवतं की धोका खरा होता, पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती थोडी आणखी मोठी होऊन येते. तुम्हाला काही करावं लागत नाही, ती आपली आपण वाढते.

या दोन्हींच्या मध्ये एक रटाळ वाट आहे, तिच्या नादी लागू नका. मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाचा वृत्तांत लिहिला. पोरगा सशाला घाबरायचा. बाईंनी काय केलं, तर तो आवडीचं काही खात असताना ससा पिंजऱ्यात घालून लांब ठेवला. मग जरा जवळ. सशाला न घाबरणारी मुलं आसपास खेळू दिली. कधी पीटर पुढे गेला, कधी मध्येच सगळं मागे आलं, पुन्हा सुरुवात. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडत होता आणि पीटरला त्याचं काही वाटत नव्हतं. एका सशापायी एवढा खटाटोप! मुलांची चिंता कमी करण्याच्या आजच्या थेरपीतही हीच तऱ्हा: भीतीची शिडी करायची, खालच्या पायरीवर मूल कंटाळेपर्यंत थांबायचं, मग वरची. आपल्याला संध्याकाळी आणखीही कामं असतात.

तरीही जावंच लागलं, तर थेरपिस्ट निवडताना चोखंदळ राहा. जो पहिल्याच भेटीत मुलाच्या झोपेबद्दल, शाळेबद्दल, घरातल्या भांडणांबद्दल विचारत बसतो आणि 'बारा ते सोळा सेशन लागतील, मग बघू' म्हणतो, तो कामाचा नाही. शिवाय आकडे विचारलेत तर खरे सांगेल. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात चिंतेनं ग्रासलेली ४८८ मुलं होती. विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या थेरपीनं त्यांतल्या साधारण ६० टक्के मुलांना चांगला फरक पडला, जोडीला औषध दिल्यावर ८० टक्क्यांच्या आसपास, आणि नुसत्या खोट्या गोळीनं २४ टक्क्यांना. साठ! तुमच्या मुलाला साठ टक्के पडले असते तर तुम्ही काय केलं असतं? 'तीन भेटींत शंभर टक्के बदल' अशी पाटी लावणारा कुणी ना कुणी असतोच. त्याच्याकडे जा. त्याला तुमच्या घराबद्दल काही जाणून घ्यायचं नसतं, हा सगळ्यांत मोठा फायदा.

चुकून खऱ्या थेरपिस्टकडे पोहोचलात तर पहिला धक्का खोलीतच बसेल. तिथे खेळणी असतात. बाहुल्या, रंग, वाळूचा ट्रे. पैसे मोजून मूल वाळूत खेळतंय आणि समोर शिकलेसवरलेले कुणी नुसते बसून आहेत! १९२०च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी मुलांपुढे वाळू आणि चिमुकल्या वस्तू ठेवायला सुरुवात केली, पुढे १९४०च्या दशकात अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी मूल नेईल तिकडे खेळ जाऊ द्यायचा असं ठरवलं, आणि तेव्हापासून हा प्रकार चालू आहे. म्हणे, लहान मुलांना 'मला असुरक्षित वाटतं' असं वाक्य करता येत नाही, पण एकाच बाहुलीला चार आठवडे वाळूत पुरता येतं, आणि पाचव्या आठवड्यात बाहेर काढता येतं. समोर बसलेल्यानं ते पाहायचं आणि मुलाला न घाबरवता शब्दांत सांगायचं, 'ती खाली एकटीच आहे.' बस्स. तुम्ही मात्र दारातूनच ओरडा: "अरे, नीट खेळ! असं पुरतात का बाहुलीला?"

बाहेर आल्यावर गाडीचं दार लागताच चौकशी सुरू करा, म्हणजे मूल कुठे जाऊ शकणार नाही. काय विचारलं? तू काय सांगितलंस? माझ्याबद्दल काही? बाबांच्या ओरडण्याचं सांगितलंस का? मुलाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर थेरपिस्ट तुम्हाला सांगतातच. बाकीचं मुलाचं मुलापाशी राहू देतात, आणि त्याच भरवशावर मूल पुढच्या वेळी तोंड उघडतं. हा भरवसा गाडीत पंधरा मिनिटांत मोडता येतो. उरलासुरला मोडायचा तर जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांसमोर म्हणा, "थांब, तुझ्या थेरपीवाल्या मॅडमनाच सांगते."

मध्येच एक आठवडा मूल आनंदानं शाळेत जाईल. त्याच आठवड्यात थेरपी बंद करा.

कधी उलटही होतं. आजवर गप्प राहणारं मूल एकदम म्हणतं, "मला तुझा राग आला होता." हा औषधाचा दुष्परिणाम समजून ताबडतोब तक्रार करा. आपण शांत मूल दिलं होतं, परत मिळालेलं बोलतंय. फोन दुरुस्तीला दिला आणि तो आपल्यालाच फोन करायला लागला तर कुणीही चिडेल.

आता खरा धोका. या मंडळींचा डोळा मुलावर कमी आणि तुमच्यावर जास्त असतो. १९७०च्या दशकात शीला आयबर्ग यांनी एक पद्धत काढली. तिच्यात आईबाप मुलाशी खेळतात, थेरपिस्ट एकतर्फी काचेमागे बसतात आणि आईबापांच्या कानातल्या यंत्रात बोलतात. मुलाच्या नव्हे, आईबापांच्या! सुरुवातीच्या टप्प्यात प्रश्न विचारायचे नाहीत, हुकूम सोडायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. मूल काय करतंय ते बोलायचं, नेमकं कौतुक करायचं. वर घरीही रोज पाच मिनिटं तेच. हे तीन नियम पाळून पाच मिनिटं बोलून बघा. पहिलं मिनिट संपायच्या आत बोलायला काही उरत नाही, हे बऱ्याच जणांच्या तिथेच लक्षात येतं.

येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी तर कहरच केला. चिंताग्रस्त मुलांना त्यांनी बोलावलंच नाही, फक्त पालकांना बसवलं. मुलाच्या भीतीपुढे घरानं किती नमतं घेतलंय ते मोजायचं, आणि 'तुला अवघड जातंय हे मला कळतं, आणि तुला झेपेल यावर माझा विश्वास आहे' असं म्हणत ते हळूहळू कमी करायचं. रात्री दहा वेळा 'दार लावलंय ना?' विचारलं की दहा वेळा उत्तर देणं बंद, तेही न रागावता. २०२० मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात या मुलांची चिंता, जी मुलं स्वतः थेरपीला बसली होती त्यांच्याइतकीच कमी झाली. मूल दुरुस्तीच्या दुकानात गेलंच नाही आणि तरी सुधारलं! मग बिघाड कुठे होता, असा प्रश्न कुणी विचारायच्या आत विषय बदला.

तेव्हा सावध राहा. कधी ना कधी थेरपिस्ट गोड आवाजात म्हणतील, "पुढच्या वेळी फक्त तुम्ही दोघं या." त्या दिवशी तुमची महत्त्वाची मीटिंग आहे. फोन काढा आणि कॅलेंडरमध्ये आत्ताच टाकून ठेवा.