हुडहुडी की आकडी?

बहिणीच्या दीड वर्षाच्या मुलाला तापात आकडी आली. दोन मिनिटांत थांबली, तासाभरात पोर खेळायला लागलं. डॉक्टरांनी कान, घसा पाहिला, मान ताठ नाही ना ते तपासलं आणि घरी पाठवलं. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच धोशा: एमआरआय का नाही केला? ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, का नाही? ‘तुमच्याकडे चालतं का असं?’ दादाने मलाच विचारलं.

चालतं, दादा. इंग्लंडमध्ये अगदी असंच चालतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. सगळ्या अंगाला आली, १५ मिनिटांच्या आत थांबली, २४ तासांत परत आली नाही, तर ती साधी. अशा आकडीनंतर मूल नेहमीसारखं झालं असेल तर ईईजी नको, मेंदूचा स्कॅनही सरसकट नको, हे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच लिहून ठेवलंय. एकाच बाजूला आली, लांबली, मूल मलूलच राहिलं, मान ताठ झाली, तर गोष्ट वेगळी. मेंदूज्वर तर नाही ना, हे आधी पाहावं लागतं. बाकी निदान होतं ते बघणाऱ्याने काय बघितलं त्यावरून.

आणि नेमकं तेच मला सांगता आलं नव्हतं.

माझ्या मुलीला आली तेव्हा ९९९ या इथल्या तातडीच्या नंबरला फोन केला, ए अँड ई म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग गाठला. काय पाहिलंत, असं डॉक्टरांनी विचारलं. बारा वर्षं इंग्रजीत नोकरी करणाऱ्या मला एकच शब्द सुचला, ‘शिव्हरिंग’. त्यांना वाटलं, तापाची हुडहुडी. मराठीत एका दमात सांगितलं असतं: डोळे फिरवले, दातखीळ बसली, अंग ताठ झालं, मग हातपाय झटकायला लागली. शेवटी त्यांनीच विचारलं, हाक मारल्यावर बघत होती का? मी नाही म्हणून मान हलवली आणि दोन्ही मुठी वळून छातीशी धरून दाखवल्या. तेव्हा त्यांचं पेन चाललं.

स्कॅन नको म्हणाले, तर मी भांडलो. बाहेरचे म्हणून टाळताहेत, असं मला वाटलं. दादा, तुझे आजचे सगळे प्रश्न मी त्या रात्री विचारलेत.

काल बहीण सांगत होती, डॉक्टरांनी तिला बोलताना एकदाच थांबवलं. ‘एक हात जास्त झटकत होता का?’ ती म्हणाली, ‘नाही हो, दोन्ही सारखेच.’ ते म्हणाले, ‘बरं, पुढे सांगा.’