'सिन्सिअर'मध्ये मेण नाही

काल भाचीने भाषणाचा कागद दाखवला. आठवीत आहे, विषय 'प्रामाणिकपणा'. पहिल्याच परिच्छेदात तीच फिरती गोष्ट: रोमचे लबाड मूर्तिकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवायचे, म्हणून सचोटीचे मूर्तिकार 'सिने सेरा', म्हणजे 'मेणाविना', अशी पाटी लावायचे, आणि त्यातून 'सिन्सिअर' आला. सिनेटने म्हणे तसा कायदाही केला. घरच्या ग्रुपवर हे आलं तेव्हा मी गप्प बसले, ती चूकच झाली.

सर्वात जास्त राग मूर्तिकारांवर लादलेल्या लबाडीचा येतो. रोमन मूर्तींना मेण लावत, हे खरं. पण कशासाठी? इ.स.पू. पहिल्या शतकातला वास्तुविशारद विट्रुव्हियस 'दे आर्किटेक्चुरा'च्या सातव्या खंडात रीतच सांगतो. हिंगुळाचा रंग दिलेली भिंत वाळली, की थोडं तेल घालून वितळवलेलं मेण कुंचल्याने लावायचं, लोखंडी भांड्यातल्या निखाऱ्यांनी शेकून ते सारखं करायचं, मग मेणबत्तीने आणि स्वच्छ फडक्याने घासायचं. संगमरवरी नग्न मूर्तींची निगाही अशीच राखतात, असं तो पुढे म्हणतो. म्हणजे मेण ही निगा होती, राजरोस केलेली. तिला फसवणूक ठरवून वर मुलांना प्रामाणिकपणा शिकवायचा?

सिनेटच्या कायद्याचा पुरावा ती गोष्ट पाठवणाऱ्या कुणीही दिलेला नाही. पुढे जाऊ.

एक गोष्ट मान्य करावी लागते: शब्दाचा मेणाशी संबंध जोडायची कल्पना जुनी आहे. चौथ्या शतकातल्या दोनातुस या व्याकरणकाराने 'मेणाविना मधासारखा' असा खुलासा केला होता. पण तिथे मध आहे, मूर्तिकार नाहीत. शिवाय 'विना' अर्थाची लॅटिन विशेषणं बनतात 'से' लावून: 'कुरा' म्हणजे काळजी, त्यावरून 'सेकुरुस', आणि पुढे इंग्रजी 'सिक्युअर'. 'सिन्सिअर' ज्यातून आला त्या लॅटिन 'सिन्केरुस'चं मूळ बहुधा 'एक' आणि 'वाढणे' या अर्थाच्या धातूंत आहे: एकाच वाढीचा, निर्भेळ.

वापर बघायचा तर रोमन कवी होरेस बघा. भांडं 'सिन्केरुम' (त्याच शब्दाचं रूप, इथे 'स्वच्छ') नसेल तर त्यात ओताल ते आंबतं, असं तो लिहितो. ताकाचं पातेलं नुसतं विसळून त्यात दूध तापवलं की काय होतं, हे भाचीने परवाच पाहिलंय. मूर्तिकारांचा परिच्छेद आम्ही दोघींनी खोडला. तिथे आता ते पातेलं आहे.