चार विभागांची मर्यादा आता उरलेली नाही

एकाच संगणकावर विंडोजशेजारी उबुंटू ही लिनक्स प्रणाली बसवण्याविषयीच्या एका लेखात, हार्ड डिस्कचे चारच विभाग करता येतात, असे म्हटले आहे. त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते. चारची मर्यादा एमबीआर या, डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या रचनेची आहे. तिच्यात अधिक विभाग हवे असल्यास चारपैकी एक 'एक्स्टेंडेड' करून त्याच्या पोटात 'लॉजिकल' विभाग पाडावे लागत. जीपीटी या नव्या रचनेत मात्र विंडोज १२८ विभागांपर्यंत मुभा देते, त्यामुळे यूईएफआय (संगणक सुरू करणारी, जुन्या बायॉसच्या जागी आलेली अंगभूत आज्ञावली) असलेल्या संगणकावर ही काटकसर अनावश्यक आहे.

विंडोजचा विभाग लहान करायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करावा आणि बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. लेखात न आलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब म्हणजे 'फास्ट स्टार्टअप': ते चालू असेल तर संगणक बंद केल्यावरही विंडोज आपली काही स्थिती डिस्कवर राखून ठेवते, आणि अशा वेळी लिनक्समधून विंडोजच्या त्या एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवण्याची पद्धत) विभागात सक्तीने काही लिहिले गेल्यास फाइली बिघडू शकतात. माझ्या मुलीच्या प्रबंधाची दोन प्रकरणे अशीच गेली, म्हणून ही सोय प्रथम बंद करावी, हे कळकळीने सांगतो.

शिवाय विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ धरते, तर लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. म्हणून आपल्याकडे प्रणाली बदलताच वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकते. तो बिघाड नव्हे. दोहोंपैकी एकीची मांडणी बदलली की घड्याळ जुळते.