पेशींवरचा प्रयोग आणि पहिल्या पानावरचे औषध

पुण्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशींवर एखादे संयुग परिणामकारक ठरले, की दुसऱ्या दिवशी ‘पुण्याच्या शास्त्रज्ञांनी शोधले कर्करोगावर औषध’ असा मथळा छापून येतो, आणि त्या संयुगाची चाचणी अजून उंदरांवरही झालेली नाही, ही गोष्ट बातमीत कुठेही सापडत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांनंतरही माणसांवरील चाचण्यांचे तीन टप्पे बाकी असतात, त्यांना अनेक वर्षे लागतात आणि बहुतेक संयुगे वाटेतच गळतात. घरी रुग्ण असलेला माणूस ते कात्रण जपून डॉक्टरांकडे नेतो. त्याला काय सांगायचे?

आकाशाच्या बाबतीतही तेच. जानेवारी २०२३ मध्ये नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीने अतिदूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजन अणूंचे रेडिओ तरंग टिपल्याचे जाहीर झाले. ते तरंग सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेले होते आणि मधल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे जवळजवळ तीसपट तीव्र झाले होते, म्हणूनच ते हाती लागले. एवढी विलक्षण हकिकत समोर असताना काही बातम्यांनी परग्रहवासीयांची शंका पेरली, याचा मला खरोखर संताप येतो. प्रयोग कशावर झाला, तो कुठे प्रसिद्ध झाला आणि त्यात सहभागी नसलेल्या तज्ज्ञाचे मत काय, एवढे विचारायला एक फोन पुरतो. तोही केला जात नाही.