पावावरचा कर आणि नागरिकशास्त्राचा तास

'युवा सक्षमीकरण' असं फलकावर वाचलं की मला आधी हजेरीपत्रक, मग चहा-समोसा आणि शेवटी ग्रुप फोटो दिसतो. आफ्रिकेतल्या शहरांतही देणगीदारांच्या पैशावर अशा कार्यशाळा ढिगाने होतात. पण केनियाच्या राजधानीतल्या, नैरोबीतल्या पोरांनी जून 2024 मध्ये जो नागरिकशास्त्राचा तास घेतला, तो मला त्या सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

सरकारने वित्त विधेयक आणलं. पावावर 16 टक्के व्हॅट, गाडीच्या किमतीवर दरवर्षी 2.5 टक्के कर, वर डायपरसारख्या वस्तूंवर पर्यावरण शुल्क. एरवी असले कागद कोण वाचतं? या मुलांनी वाचले. एकेक कलम सोडवून टिकटॉकवर सांगितलं, घरच्या भाषांत उतरवलं. कुणी तर विधेयकाबद्दल काहीही विचारा म्हणून चॅटबॉटच बनवला. खासदारांचे मोबाइल नंबर पसरवून मेसेजचा भडिमारही केला. तो प्रकार मला काही रुचला नाही.

18 जूनला सरकारने पाव आणि गाडीवरचा कर सोडला. पोरं म्हणाली, अख्खं विधेयकच मागे घ्या. 25 तारखेला संसदेने ते मंजूर केलं, जमाव संसदेत घुसला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटोंनी सही नाकारली. त्या आंदोलनात 60च्या आसपास माणसं गेली. हा आकडा केनियाच्याच मानवाधिकार आयोगाचा आहे.

कार्यशाळा अगदीच वाया गेल्या, असंही म्हणवत नाही. 2010च्या संविधानातलं कलम 37, म्हणजे निःशस्त्र जमण्याचा आणि निदर्शनं करण्याचा हक्क, मुलांना कुणीतरी शिकवलंच असणार. फक्त ते पावाच्या किमतीला येऊन भिडलं तेव्हा कामी आलं.

नैरोबीत याची एक जुनी शाळाही आहे. कराचीहून गेलेल्या अलिभाई मुल्ला जीवनजींनी 1906 मध्ये शहराला दिलेली बाग. तिथल्या बाकांवर 'बुंगे ला म्वानांची', म्हणजे जनतेची संसद, कित्येक वर्षं भरते आहे. तिथे ना हजेरी, ना समोसा. जो येईल त्याने बोलावं, बाकीच्यांनी खोडून काढावं.

2024च्याच डिसेंबरमध्ये त्या वित्त विधेयकातले काही कर दुसऱ्या कायद्यातून गुपचूप परत आले. तेव्हा रस्त्यावर जूनसारखी गर्दी नव्हती. आता 2027ला निवडणूक आहे. यातली किती पोरं मतदारयादीत नाव घालायला रांगेत उभी राहतात, ते मला बघायचंय.