वस्तीतलं शिबिर: गोळ्या वाटू नका, चिठ्ठी द्या

चर्चच्या गटाने गरीब वस्तीत एक दिवसाचं मोफत आरोग्य शिबिर कसं घ्यावं, यावरचा तुमचा लेख उपयोगी आहे. पण त्यातला रक्तदाबाच्या गोळ्या वाटण्याचा सल्ला कृपया मागे घ्या. १० गोळ्यांची पट्टी संपते आणि माणूस समजतो, आजार बरा झाला. त्यापेक्षा १४०/९० किंवा जास्त आकडा आला तर तो तारखेसह चिठ्ठीवर लिहून द्या. जवळच्या सरकारी दवाखान्याची ओपीडीची वेळही त्यावरच लिहा, आणि ती आधी स्वतः जाऊन विचारून ठेवा.

रक्तदाबाची मोजणी घाईत बिघडते. रांगेतून उठून आलेल्याला आधी ५ मिनिटं बसवा: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, बोलणं बंद. जाड दंडाला यंत्राचा लहान पट्टा (कफ) बांधला की आकडा वाढीव येतो, म्हणून दोन मापांचे पट्टे हवेतच. मिनिटभराने पुन्हा मोजा.

चष्मे वाटण्याचं काम मात्र खरंच मोलाचं. चाळिशीनंतर जवळचं न दिसणाऱ्या बहुतेकांना +१ ते +३ नंबरचे तयार चष्मे चालतात; सुई ओवायला देऊन पाहा. दूरचंही धूसर दिसत असेल तर मोतीबिंदूची शक्यता धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडेच पाठवा.

प्रार्थना तपासणीआधी ठेवू नका, ही कळकळीची विनंती. औषधासाठी उभी असलेली बाई नाही म्हणूच शकत नाही. रेडक्रॉसच्या १९९४ च्या आचारसंहितेतही मदतीचा वापर धर्मप्रसारासाठी करू नये असंच आहे. प्रार्थना शेवटी, वेगळ्या जागी, ज्याला हवी त्याच्यासाठी.